दुसरं पिंप आंबलंच न्हाई

रेश्मा, तू आधी तो मोबाईल पालथा ठेव आनि निस्तं ऐक. मधी एक अक्षर बोलू नको, न्हाईतर माझं सगळं मागं-म्होरं होईल. चहा गार झाला तर होऊ दे.

तुमच्या घरी गाई न्हाईत म्हणून पयल्यापास्नं सांगते. गाय व्याली की चार-पाच दिवस चीक निघतो. दाट, पिवळा, हाताला चिकटणारा. तापवला की फाटतो, म्हणून दुधात घालता येत न्हाई. वासराला पुरून बादलीभर उरतो. आनि ह्या दसऱ्यानंतर आमच्या चार गाई दहा दिवसांत व्याल्या. एकीचं आवरतंय तोवर दुसरी कळा द्यायला लागायची. खरवस किती करनार, आळीत किती वाटनार? चीक विकायचा न्हाई, असं आमच्यात पयल्यापास्नं हाय. तो द्यायचा. चरवीत घालून, वर गवताची काडी ठेवून. आनि ज्याच्या घरी दिला त्यानं चरवी मोकळी पाठवायची न्हाई, चिमूटभर साखर तरी घालायची. उरलेला आण्णा दर वर्षी उकिरड्यावर ओतायचे. कुत्री यायची दूरदूरनं.

मी तीन दिवसांच्या ट्रेनिंगला गेले व्हते, आठवतंय? तितं शिकवलं की चीक ओतायचा न्हाई. झाकणाच्या पिंपात भरायचा, वाटीभर दही विरजायचं, सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं ढवळायचं. दोन दिवसांत आंबतो. मग कोमट पाणी घालून वासरांना पाजायचा. वासरं त्याच्यावर तीन आठवडे निघतात आनि चांगलं दूध गिऱ्हाइकाला जातं.

आण्णा म्हणले, "म्हंजी वासरं आता ताक पिनार. जोडीला पापडबी भाजून दे त्यांना."

तरी मी केलं. निळं पिंप घासलं, उन्हात पालथं घातलं, भरलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर कैरीसारखा आंबूस वास, वर जाड साय. मला इतकं बरं वाटलं ना. वासरं पयल्यांदा तोंडच लावंनात. बोटं बुडवून त्यांच्या तोंडात द्यायची, मग हळूच तोंड बादलीत न्यायचं. त्यांची जीभ कसली खरखरीत असती, चार दिवसांत माझ्या बोटांची सालं गेली. पण पाचव्या दिवशी बादलीचा आवाज ऐकला की दावं ताणायला लागली.

आण्णा काय बोलले न्हाईत. आण्णा काय बोलले न्हाईत म्हंजी त्यांना पटलं.

मग आई म्हणली, "माझी आई आंबट चिकाची घावनं करायची." मी म्हणलं, तूच तर म्हणतीस चीक तव्यावर घालू नये, गाईच्या सडाला चिरा पडतात. "ते ताज्या चिकाचं. आंबला की तो चीक ऱ्हात न्हाई." तिनं विरजणाआधीच थोडा काढून मडक्यात वेगळा आंबवला व्हता, तोंडावर फडकं बांधून. इंद्रायणी तांदळाचं पीठ, तो आंबट चीक, मीठ, वाटलेली हिरवी मिरची. तव्यावर टाकलं की कडेनं जाळी पडत जायची. आण्णांनी सहा खाल्ली. भात कापून आलेले, हाताला विळ्याचे फोड, चटणीनं बोटं चुरचुरायला लागली तरी खात व्हते.

त्यातलीच चार मी वर आशाताईला दिली.

आशाताई म्हंजी आशालता, आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हाती ती. लातूरकडची. नवरा शैलेश घरनंच काम करतो, कानाला ते लावून दिवसभर बोलत असतो. ती रोज हिंजवडीला जाती. तिच्यामुळंच आमचं दूध म्हाळुंग्याच्या त्या मोठ्या सोसायटीत गेलं. तितं तिची मैत्रीण क्षितिजा ऱ्हाती, तिनं तिच्या ग्रुपवर टाकलं आनि एकतीस घरं लागली. काचेच्या बाटल्या, आण्णा पाचला उठून भरतात.

आशाताईनं घावनांचा फोटो काढून पाठवला. झालं. क्षितिजा मॅडमचा मेसेज, आम्हाला गाई बघायच्यात, रविवारी मुलांना घेऊन येतो, पंधरा-वीस जण.

आता इथनं नीट ऐक. माझी चूक इथं हाय.

आमच्या गोठ्याची एक भिंत हाय, धुरानं काळपट. आण्णांची वही तीच. प्रत्येक गाईची जागा ठरलेली, आनि कोळशानं खुणा. गाय भरवली की उभी रेघ. गाभण ठरली की फुली. व्यायच्या आधी दूध आटवताना सडांत औषधाची ट्यूब सोडली की गोल, शेजारी तारीख. त्यांना लिहिता येतं, पण ते म्हणतात वही उंदीर खातो, भिंत कोण खातंय?

मला त्या भिंतीची लाज वाटली. शहरातली लोकं येणार, लेकरं येणार. सोमवारी मी मोबाईलवर भिंतीचा फोटो घेतला, म्हणलं नंतर वहीत उतरवीन, आनि पांढरा रंग द्यायला घेतला. गोदा गाय व्यायची ऱ्हायलेली, तिच्या जागेवर खिळ्याला तिची तोंडाला बांधायची जुनी म्होरकी अडकवलेली. फोटोत ती म्होरकी आली. रंग देताना मी एका हातानं म्होरकी उचलली आनि दुसऱ्या हातानं ब्रश फिरवला. खाली काय व्हतं ते मी बघितलंच न्हाई. किंवा बघितलं असंल, ध्यानात न्हाई. रोज रात्री तेच आठवायचा प्रयत्न करते.

आण्णा शेतातनं आले, भिंतीकडं बघितलं. "लग्न हाय का म्हशीचं?" म्हणले. मी म्हणलं, सगळं मोबाईलमधी हाय. ते गेले हातपाय धुवायला.

मंगळवारी गोदा व्याली. तारखेच्या आधीच. कालवड झाली, जरा बारकी. गोदाचा चीक लई, दोन बादल्या. पयलं पिंप भरलेलं, म्हणून मी दुसरं काढलं. तसंच घासलं, तसंच विरजलं. बुधवारी संध्याकाळी आशाताई ऑफिसातनं येऊन जिन्यावरच म्हणली, "दिशा, आमच्या टीममधे खरवस कुणी खाल्लाच नाही बघ. थोडा चीक देतीस का? मी उद्या करून नेते."

मी गोदाचाच दिला. ताजा, गरम. चरवी भरली, काडी ठेवली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी पिंपं ढवळायला गेले. पयलं झ्याक. दुसऱ्याचं झाकण उघडलं आनि मी तशीच थांबले. आंबलंच नव्हतं. दोन दिवस झाले, ऑक्टोबरचं ऊन, आनि विरजणाचा मागमूस न्हाई. दांडा घातला तर निस्तं पाणी वेगळं, खाली गुठळ्या, आनि वास आंबट न्हाई, कुजका. मेलेल्या घुशीसारखा.

आण्णा मागनं आले, बांधायला दोर न्यायला. वास आला त्यांना. "कोर्समधी हे शिकवलं न्हाई वाटतं."

माझ्या डोक्यात त्या ट्रेनिंगच्या मॅडमचं वाक्य आलं. विरजण मेलं तर आधी गाईला विचारा, औषध कुठलं झालंय.

"आण्णा, गोदाला ट्यूब सोडलीवती?"

"मग? सगळ्यांनाच सोडत्यात. कासेला दगडी व्हऊ नये म्हणून."

"कधी?"

"कधी म्हंजी? भितीवर लिवलंय की."

आमी दोघांनी भिंतीकडं बघितलं. पांढरीफेक. म्होरकी मी परत अडकवलीवती तितंच.

आण्णांनी बोटावर मोजलं. "तिचं दूध लौकर आटलंच न्हाई. उशिरा सोडली. नवरात्र बसायच्या आदल्या दिशी." आनि मोजता मोजता थांबले. कारण ट्यूब सोडल्यावर दोन महिने गेले तर अंगातनं निघून जाती. गोदाला महिनासुद्धा झाला नव्हता.

"मला म्होरकीखाली गोल दिसला न्हाई."

"तुला रंग दिसला," आण्णा म्हणले.

आनि मला आशाताई आठवली. भाद्रपदात तिचा घसा सुजला व्हता, मी तिला स्कूटीवर पिरंगुटला नेलं व्हतं. डॉक्टरनं नाव विचारायच्या आधी तिनं पर्समधनं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. लाल शाईत लिहिलेलं, पेनिसिलिन देऊ नये. लहानपणी एका इंजेक्शननं ती बारा दिवस दवाखान्यात व्हती, तोंड सुजून डोळे दिसत नव्हते म्हणली.

मी आढ्याला खोचलेला पत्र्याचा डबा काढला. रिकाम्या ट्यूबा त्यातच टाकतात. त्यावरचं नाव वाचलं, गाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. ते कुठंतरी गाय तपासत व्हते, हाताला मोजा असणार, लांबनं ओरडून बोलत व्हते. "पेनिसिलिनच्याच घरातलं औषध हाय ते. का गं?"

मी जिन्यानं वर पळाले. शैलेशनं दार उघडलं, कानाला ते लावलेलंच. हातानं थांब म्हणला. मी म्हणलं, आशाताई? "आठलाच गेली. का?" मी म्हणलं, डबा नेलाय का? त्याला वाटलं मी चरवी परत मागतीय. तो जरा हसला. "चरवी आत्ता हवीय का?"

मी त्याला काय सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं ते मला म्हाईत न्हाई. खाली आले, फोन लावला. वाजला, वाजला, बंद. परत लावला. मेसेज टाकला, खरवस खाऊ नको. एकच टिक.

आण्णा दारात उभे. "काय सांगनारेस तिला?"

"औषध हाय म्हणून."

"खराब झालाय म्हण. फाटला, नासला, काय बी. टाकून देईल ती. काम झालं."

"आनि खाल्ला असंल तर?"

"थेंबभर औषिद न्हाई त्यात. दोन बादल्यांत काय उतरतंय." पण ते माझ्याकडं बघत नव्हते, गोदाकडं बघत व्हते. "रविवारी तिचीच लोकं येनार हायत. ट्यूबचं नाव काढलं की ही लोकं पळत्याल. तुला वाटतं तितकं त्यांना समजत न्हाई."

आई चुलीपासनं म्हणली, "पोरीला जाऊ द्या आधी."

रिकामी ट्यूब मी खिशात घातली. पायात तेच गमबूट, ओढणीला शेण, डोक्याला फडकं. माण गावावरनं गेले. दोन्ही बाजूला भात कापून आडवं घातलेलं, त्याच्यावरनं डंपरची धूळ. हिंजवडीच्या फेजच्या तोंडाला कंपनीच्या बसा आडव्या, मी फुटपाथवरनं स्कूटी घातली. एकजण काचेतनं शिवी देऊन गेला. मनात एकच, खराब झालाय म्हणायचं की औषध म्हणायचं.

आशाताईच्या कंपनीच्या गेटवर वॉचमननं दांडा आडवा टाकला. माझ्या बुटांकडं बघितलं.

"दूधवाले पीछे के गेट से."

"दूध देने नहीं आयी. आशालता मॅडम को बुलाओ. अर्जंट है."

"आईडी?"

"आईडी नहीं है. उसने कुछ गलत खाया है."

"तो डॉक्टर को बोलो. यहाँ गाड़ी मत लगाओ, बदबू आ रही है."

खरंच येत व्हता वास. मला सकाळपास्नं नाकात तोच वास, मला वाटलं निस्ता मलाच येतोय. मागं गाड्यांचे हॉर्न. मी स्कूटी स्टँडला लावली आनि गेटच्या मधी उभी राहिले. म्हणलं, हटनार न्हाई. मराठीतच म्हणलं. त्यानं काय समजलं कोण जाणे, पण त्यानं आत फोन लावला.

आशाताई खाली आली. हसत आली, रेश्मा. बरोबर ऑफिसातल्या दोघी. एक हात मानेवर, खाजवतीय. "अगं तू कशी काय इथं? तुझ्या चिकावर सगळे तुटून पडले बघ. दहालाच डबा रिकामा." तिचा वरचा ओठ जाड दिसत व्हता, एका बाजूनं. गळ्यावर लाल लाल गांधी उठलेल्या. "मला जरा घाम आल्यासारखं झालंय, ते एसीचं असंल."

त्या दोघी माझ्या बुटांकडं बघत व्हत्या.

खराब झालाय म्हणून आता काय उपयोग? ती वर जाऊन पाणी पिऊन बसली असती. मी म्हणलं, "ताई, त्या गाईला ट्यूब दिलीवती. तुझ्या कार्डावरचं औषध. माझी चूक हाय. तू दवाखान्यात चल."

तिचं हसू लगेच गेलं न्हाई. चेहऱ्यावर तसंच राहिलं आनि डोळे बदलले. मग तिनं गळ्याला हात लावला, आनि म्हणली, "दिशा, मला गिळताना आवळतंय."

तोच वॉचमन पळत गेला आनि कंपनीची गाडी घेऊन आला. मला म्हणला, "बैठो, बैठो." मी गमबूट घालून त्या गाडीत बसले. आशाताईचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला. रागानं न्हाई बहुतेक. तिला दोन्ही हातांनी श्वास घ्यायचा व्हता असं वाटत व्हतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? मी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्यांनी नाव वाचलं आनि इंजेक्शन भरायला लावलं, आधी एक, मग सलाईनमधनं दुसरं. मला बाहेर काढलं. मी लादीवर बसले, खुर्चीला शेण लागंल म्हणून. शैलेश आला. माझ्यासमोरनं आत गेला, बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"तू सकाळी वर आली होतीस," तो म्हणला. "तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आणि मी तुला चरवीचं विचारत होतो," असं म्हणला आनि परत आत गेला.

संध्याकाळी तिला सोडलं. ओठ उतरला व्हता, आवाज बसलेला. टीममधल्या बाकी कुणाला काय झालं न्हाई. मी काय म्हणायच्या आधीच शैलेशनं त्या दोघांपुरती रिक्षा केली, मी गेटवर जाऊन स्कूटी घेतली. शुक्रवारी सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चरवी ठेवलेली. घासलेली, चकचकीत, मोकळी. आईनं ती उचलली आनि पदराआड धरून आत नेली, जसं काय कुणी बघू नये.

दुसरं पिंप ओतायचं व्हतं. उकिरड्यावर न्हाई ओतलं, कुत्री खातात. आण्णा आनि मी दांडा घालून खांद्यावर घेतलं, बांधापलीकडं नेलं. चालताना आतलं डुचमळायचं आनि झाकणाच्या कडेनं आण्णांच्या पाठीवर गळायचं. त्यांनी सदरा काढला न्हाई. टिकाव मारून खड्डा केला, ओतलं, माती लोटली. मग तितंच उकिडवं बसले.

"रविवारी मी बोलीन," म्हणले. "तू लेकरांना वासरं दाखव. कुनी इच्यारलं तर म्हनायचं, आमी गाईंना औषिद देत न्हाई."

"आशाताई वर असणार."

"ती न्हाई बोलनार. शैलेश म्हनला, आमी महिनाखेर जातोय, आमाला भानगड नको." माती हातानं दाबत व्हते. "गोदाचं दूध बाटलीत न्हाई. अजून महिनाभर घालनार न्हाई. मग लबाडी कुटं झाली? आं? ट्यूब काय मी एकटा सोडतोय?"

खरं सांगू? ट्यूब सोडणं चूक न्हाईच. सगळेच सोडतात. न सोडली तर सड दगड होतो, गाय जाती. चूक निस्ती 'देत न्हाई' म्हणण्यात व्हती. आनि ते म्हणायला मला सांगत व्हते.

रविवारी आले सगळे. पाच गाड्या, टोप्या, लेकरं. लेकरांनी नाकं धरली, मग सोडली. पयल्या पिंपातला चीक मी कोमट करून बादलीत दिला, लेकरं वासरांच्या तोंडात बोटं घालून किंचाळायला लागली. आईनं घावनं केली. सगळे खात व्हते, फोटो काढत व्हते. कुणीतरी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. क्षितिजा मॅडम म्हणली, "किती स्वच्छ ठेवलाय गोठा."

आनि वर गॅलरीत आशाताई उभी. गळ्याला ओढणी गुंडाळलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती, लेकरांकडं बघत व्हती.

मग क्षितिजा मॅडमनं विचारलंच. सहज विचारलं, घावन खाता खाता. "काका, गाईंना इंजेक्शन, अँटिबायोटिक वगैरे काही देत नाही ना तुम्ही?"

आण्णा म्हणले, "न्हाई न्हाई. आमच्या गाईला कसलंबी औषिद न्हाई."

बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. रेश्मा, त्यांनी दटावून बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी विनवल्यासारखं बघितलं. माझ्या बापाला मी असं बघताना कधी बघितलं नव्हतं.

मी चुलीपाशी गेले. विझलेला कोळसा उचलला. गोठ्यात आले, म्होरकी काढून खाली टाकली आनि भिंतीवर गोदाच्या जागी गोल काढला. मोठा. घाईत काढला म्हणून वाकडा आला.

"ही आमची वही हाय," मी म्हणलं. "मी रंग देऊन पुसली. हा गोल म्हंजी गाय आटवताना सडांत औषध सोडलं. सगळ्या गाईंना सोडतो. त्याचे दिवस मोजून मगच दूध बाटलीत घालतो. गोदाचे दिवस भरले नव्हते, मला म्हाईत नव्हतं, आनि तिचा चीक मी माणसाला दिला. त्या माणसाला दवाखान्यात न्यावं लागलं."

कोण ते मी सांगितलं न्हाई. पण दोघं-चौघं वर बघायला लागली, कारण मी वर बघितलं.

एका माणसानं हातातलं घावन ताटलीत ठेवलं. "म्हणजे इतके दिवस आम्ही औषधाचं दूध पीत होतो?"

"न्हाई," मी म्हणलं, "बाटलीत कधीच न्हाई," पण कोण ऐकतंय. एका बाईनं लेकराचे हात बाटलीतल्या पाण्यानं धुतले, कोपरापर्यंत. क्षितिजा मॅडम आण्णांना म्हणली, "काका, तुम्ही आत्ता नाही म्हणालात ना. त्याचं वाईट वाटलं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

आण्णा गोदाच्या पाठीवर हात टाकून उभे व्हते. सगळ्या गाड्या जाईपर्यंत तसेच. मग विळा घेतला आनि शेतात गेले. जेवायला आले न्हाईत.

सोमवारी निम्म्या बाटल्या परत आल्या. चार दिवस आण्णा माझ्याशी बोलले न्हाईत. पाणी हवं असलं तर आईला म्हणायचे, तिला सांग तांब्या द्यायला. मी तितंच उभी. धारेला माझ्या शेजारी बसायचे, गुडघ्याला गुडघा लागायचा, तरी न्हाई.

आज पहाटे चांदी व्याली. पाचवी, शेवटची. आण्णा एकटेच व्हते तिच्याजवळ, मला उठवलं न्हाई. मी गेले तर कालवड उभी राहिलेली, आनि आण्णा भिंतीपाशी. हातात कोळसा. चांदीच्या जागी त्यांनी सगळं परत लिवलंवतं. रेघ, फुली. गोल नव्हता. ती आपली आपण आटली व्हती, ट्यूब सोडावीच लागली न्हाई. बाकीच्या गाईंचे गोलबी काढलेवते, तारखेसकट. गोदाचा माझा वाकडा गोल त्यांनी पुसला न्हाई, त्याच्याखाली तारीख घातलीवती.

भिंतीकडंच तोंड करून म्हणले, "बघून घे. परत म्हनशील दिसलं न्हाई."

चार दिवसांनी तेवढंच.

धार झाल्यावर आईनं चरवी भरली. तीच, चकचकीत घासून आलेली. वर काडी ठेवली आनि माझ्यासमोर धरली. "वर दे."

मी म्हणलं, आई, अगं कसं देऊ?

"शेजारी ऱ्हात्यात तवर शेजारीच. द्यायचं काम आपलं, घ्यायचं तिचं. गाय व्याली आनि दिलं न्हाई असं या घरात झालं न्हाई."

आण्णा काय बोलले न्हाईत.

मी जिना चढले. अर्ध्यापर्यंत. वर दाराबाहेर त्यांची खोकी बांधून ठेवलीत, सुतळीनं. आत कुकरची शिट्टी झाली, आशाताई बसक्या आवाजात शैलेशला कायतरी म्हणली आनि तो हसला. चरवी हातात गरम, जड. दार वाजवलं तर तिला वाटंल, हिला लाज कशी वाटत न्हाई. न वाजवलं तर तिला वाटंल, हिनं मला माणसातच धरलं न्हाई. आनि चांदीला औषध न्हाई, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

मी तितंच पायरीवर बसले, चरवी मांडीत घेऊन. मग वरचं दार उघडलं. तिच्या चपलांचा आवाज, एक पायरी, दुसरी. माझ्या मागं येऊन थांबला. मी मागं बघितलं न्हाई. चरवी वरच्या पायरीवर सरकवली, तिच्या पायाशी, आनि निस्तंच म्हणलं, चांदीचा हाय, "भिंत बघून ये आधी." आनि तशीच उठून स्कूटी काढून तुझ्याकडं आले.

आईचे तीन मिसकॉल आलेत. मी उचलले न्हाईत. चरवीत साखर आली का तशीच मोकळी आली, न्हाईतर भरलेलीच परत आली, मला काय म्हाईत न्हाई.

आता बोल तू. त्या पायरीवर तू असतीस, तर मागं बघितलं असतंस का?